सर्विसला चार मार्क

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारची गोष्ट आहे, म्हणजे आता तशी जुनी झाली, पण भांडी लावताना किंवा गाडी चालवताना मधेच आठवते आणि पुढचा अर्धा तास मी परत त्याच टेबलाशी जाऊन बसलेली असते. इथे न्यू जर्सीत आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर हायवेला लागून एक डायनर, म्हणजे साधं बसून खायचं हॉटेल, आहे, नाव लिहीत नाही. तीन घरांतले मिळून आम्ही सहा जण आणि माझी आई असे तिथे सकाळी साडेदहाला पोचलो, शनिवारची गर्दी, दारात नाव सांगून पंधरा मिनिटं थांबलो आणि मग कोपऱ्यातला मोठा बूथ मिळाला. आमच्या टेबलाला होती ती बाई साठीच्या पुढची असेल, केस मागे घट्ट बांधलेले, उजव्या मनगटाला तो दुखऱ्या हाताला बांधतात तसला पट्टा. तिने मेन्यू ठेवले, बाकीच्यांपुढे बर्फाचं पाणी ठेवलं आणि आईपुढे वाफाळत्या गरम पाण्याचा कप. कोणी मागितलं नव्हतं. त्याआधी दोनदा आम्ही तिथे आलो होतो आणि दोन्ही वेळा आईने तो बर्फाचा ग्लास बाजूला सारून माझ्याकडे बघितलं होतं आणि मी गरम पाणी मागवलं होतं, बस, एवढंच. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हिच्या लक्षात आहे." मग ऑर्डरी झाल्या. आमच्यातली एक मैत्रीण अंडं खाते पण मांस नाही, जन्मात नाही, तिने भाज्यांचं ऑम्लेट सांगितलं आणि नेहमीप्रमाणे नीट, सावकाश, दोनदा सांगितलं की मांस नको. ऑम्लेट आलं, तिने तिसरा की चौथा घास घेतला आणि थांबली. आत हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, बारीक गुलाबी तुकडे होते.

ती काही बोलली नाही. पेपर नॅपकिन तोंडाला लावून उठली आणि बाथरूमकडे गेली, बराच वेळ आली नाही, मी मागे गेले तर बेसिनपाशी उभी राहून चुळा भरत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. इकडे तिच्या नवऱ्याने त्या बाईला बोलावलं, आवाज चढवला नाही पण आवाजात धार होती. ती लगेच म्हणाली, "माय फॉल्ट, हन, माय फॉल्ट," प्लेट उचलली, दुसरं करून आणू का विचारलं, आणि बिलातून ते ऑम्लेट काढून टाकलं. नंतर कोणाला काही गोड लागलं नाही. त्या दिवशी बिल द्यायची पाळी त्याचीच होती. १२१ डॉलर झाले होते आणि त्याने टिप म्हणून सहा डॉलर ठेवले. एरवी आम्ही वीस टक्क्यांच्या खाली जात नाही.

मी बघितलं आणि काही बोलले नाही.

आता मला जे खुपतंय ते हे की मी आणखीही एक गोष्ट बघितली होती. मी बूथच्या टोकाला बसले होते, ऑर्डर घेताना ती माझ्या खांद्याशीच उभी होती आणि तिचं ते हिरव्या रेघांचं छोटं पॅड माझ्या डोळ्यांच्या अगदी समोर होतं. तिची अक्षरं मोठी, शाळकरी, दुखऱ्या हातामुळे जरा कलती. त्यावर तिने व्हेज ऑम्लेट लिहून खाली 'नो मीट' असं लिहिलं होतं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, दुसरी रेघ इतकी दाबून की कागद थोडा फाटला होता. म्हणजे तिने ऐकलं होतं, लिहिलं होतं, आत बरोबर दिलं होतं. चूक आतल्या तव्यावर झाली होती आणि ती तिने आपल्या अंगावर घेतली, आणि हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं. घरी जाताना गाडीत वही काढली आणि नेहमीसारखे मार्क लिहिले.

खाणं : पाच. सर्विस : चार.

ही वही आमच्या ग्रुपची. गेल्या वर्षी जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि सगळे घरात बसून कंटाळले होते तेव्हा ठरलं की दर महिन्याला दोन ठिकाणं करायची, एक न्यूयॉर्क शहरातली डेली, म्हणजे ज्यूंच्या वळणाचं सँडविच-सूप मिळणारं हॉटेल, आणि एक इकडचं जर्सीतलं डायनर, आणि दोन्हींना खाण्याचे दहा आणि सर्विसचे दहा असे मार्क द्यायचे, वर्षाच्या शेवटी ठरवायचं की डेली भारी का डायनर. दोन गट पडलेच होते. नवरा आणि आणखी दोघं डेलीवाले, मी पहिल्यापासून डायनरवाली. अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली.

पहिलं पान कॅट्झचं. ह्यूस्टन स्ट्रीटचा कोपरा, ज्याला न्यूयॉर्कवाले हाऊस्टन म्हणतात आणि दुसरं काही म्हटलं की लगेच ओळखतात की हा बाहेरचा. १८८८ पासूनची डेली. आत शिरतानाच प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात, जे घ्याल ते त्यावर लिहिलं जातं आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे भरायचे, हरवलंत तर ५० डॉलर, असा दम आधीच दिलेला असतो. मला तर अलिबागचं एसटी स्टँडजवळचं हॉटेल आठवलं, जिथे पोऱ्या गल्ल्याकडे तोंड करून "पुढचे दोन, बावीस रुपये" असं ओरडायचा आणि आपण गल्ल्यापर्यंत पोचेस्तोवर शेठजींनी हात पुढे केलेला असायचा. तिथे काय तिकीट नव्हतं, आवाज होता. कॅट्झमध्ये आवाज भरपूर. काउंटरच्या पलीकडे मांस कापून देणारे कटर उभे, प्रत्येकासमोर रांग, आणि तुमची पाळी आली की तो भुवया वर करतो, तेवढंच. नमस्कार नाही, कसे आहात नाही. पस्त्रामी म्हणजे गोमांसच, मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात कितीतरी दिवस मुरवलेलं, मग धुरावर धरलेलं, मग वाफवलेलं, रोमानियातून आलेल्या ज्यूंनी इथे आणलं आणि शहराचं करून टाकलं. नवरा खातो. मी खात नाही, त्यावर आमच्या घरी कधी वाद झालेला नाही आणि कॅट्झमध्ये जाताना मला अवघडायला होतं ते त्या वासाने नाही, तर तिथे उभं राहून 'मला ते नको' म्हणावं लागतं त्याने.

मी कटरला सांगितलं, बीफ नको, टर्की द्या. मागे पन्नास माणसांची रांग. तो मान हलवून एक क्षण थांबला, हातातली सुरी खाली ठेवली, दुसरी घेतली, पुढ्यातला फळा पुसला, मग टर्कीचा मोठा तुकडा ओढला आणि पहिली चकती कापून बशीत घालून माझ्याकडे सरकवली. आधी चाखून बघ. ही तिथली रीतच आहे, सँडविच भरायच्या आधी एक चकती हातावर ठेवायची, सगळ्यांना. पण सुरी बदलायची रीत नाहीये, ती त्याने माझ्यासाठी बदलली आणि ती बदलताना हसलाही नाही, बोललाही नाही, माझ्याकडे नीट बघितलंही नाही. टर्की कोमट होती, कडेला मिऱ्यांचा थर, राय ब्रेडला तो शहाजिऱ्याचा उग्र वास. सोबतीला खाऱ्या पाण्यातल्या काकड्या, अर्ध्या मुरलेल्या हिरव्यागार आणि पूर्ण मुरलेल्या पिवळट, आणि त्या पूर्ण मुरलेल्या काकडीचा पहिला चावा घेतला की आजीच्या बरणीतली खारातली कैरी आठवते, तेलमसाला काही नाही, नुसतं मीठ आणि दिवस. खाण्याला सगळ्यांनी नऊ दिले. सर्विसला पाच, कारण कोणी धड बोललं नाही. मी तेव्हा सुरीबद्दल काही बोलले नाही, सहा जणांचा सरासरी आकडा काढायचा होता आणि सरासरीत सुरी कुठे लिहिणार.

आई मे महिन्यात आली आणि जूनमध्ये आम्ही तिला सेकंड अव्हेन्यू डेलीला घेऊन गेलो. नाव सेकंड अव्हेन्यू पण ती हल्ली तिकडे नाही, १९५४ पासून तिथे होती, २००६ मध्ये भाड्यावरून बंद झाली आणि पुढच्या वर्षाअखेर तेहतिसाव्या रस्त्यावर परत उघडली, नाव तेच. ही पक्की कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम पाळणारी, कॅट्झसारखी नुसती ढंगाने ज्यू नाही. बसल्या बसल्या काकड्या आणि कोबीची कोशिंबीर टेबलावर येते. आईने चिकनच्या रश्शातले मात्झो बॉल मागवले, म्हणजे मीच मागवले तिच्यासाठी, आणि ते आले तेव्हा माझा नागपूरचा नवरा म्हणाला, "आई, हे कढीगोळे समजा, कढीऐवजी कोंबडीचं पाणी." आईला आवडले. मग तिने चहा सांगितला, दूध घालून. वेटर वयस्कर होता, पाय ओढत चालणारा, तो म्हणाला, "दूध? इथे नाही." एवढंच म्हणाला आणि निघून गेला. आमच्यातल्या एकाला ते फार लागलं, म्हाताऱ्या बाईशी असं बोलतात का म्हणून.

आईला मात्र काहीच लागलं नव्हतं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं, मटणाबरोबर दूध नाही. आमच्या बाई नव्हत्या का." आणि मग तिने त्या रश्शाच्या वाडग्यावर वाकून जे सांगितलं ते मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. तिला चौथीला शिकवायला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाई होत्या, अलिबागच्या इस्रायल आळीत राहायच्या, शेजारीच त्यांचं सिनेगॉग. नऊवारी नेसायच्या, आपल्यासारखंच मराठी बोलायच्या, आडनावाला आपल्यासारखंच गावाचं नाव आणि पुढे कर. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बाईंच्या घरी मटण असलं की दूध, दही, तूप काही शिवायचं नाही, रस्सा दाट करायचा तो नारळाच्या दुधाने. एकदा आई त्यांच्याकडे वह्या पोचवायला गेली होती, त्या दिवशी चूल मटणाची होती आणि बाईंनी चहा दिला तो कोरा, आणि म्हणाल्या होत्या, "आज दूध नाही हं पोरी, उद्या ये, उद्या दुधाचा देईन." पुढे बरीच घरं इस्रायलला गेली, बाईही गेल्या. आईने हे सांगितलं आणि कोरा चहा पीत बसली, त्यात लिंबाची फोड होती. वेटर परत आला तेव्हा तिने त्याला मराठीतच म्हटलं, "छान होतं हो." त्याने भाषा विचारली नाही, मान डोलवली आणि न सांगता आणखी काकड्या आणून ठेवल्या. सर्विसला त्या दिवशी सहा पडले. माझे आठ होते, आईचे कोणी विचारले नाहीत.

वहीतलं सगळ्यात जास्त मार्कांचं पान बी अँड एच डेअरीचं आहे. सेकंड अव्हेन्यूवरच, एकशे सत्तावीस नंबर, आतली जागा एवढी अरुंद की काउंटरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या पाठीला घासल्याशिवाय आत जाता येत नाही. १९३८ पासूनचं. हे कोशरचंच दुसरं अंग, मटणाची डेली तशी ही दुधाची, म्हणजे लोणी, चीज, क्रीम, मासे चालतात पण बाकी मांस उंबऱ्याच्या आत येतच नाही. आज चालवतात ते नवरा इजिप्तचा मुसलमान आणि बायको पोलंडची कॅथलिक, आणि खाणं ज्यूंचं, कायद्याने कोशर. २०१५ च्या मार्चमध्ये त्याच रांगेत गॅसचा स्फोट झाला, दोन माणसं गेली, शेजारच्या तीन इमारती पडल्या, आणि ही जागा धडधाकट असूनही महिनोन्‌महिने बंद राहिली. गिऱ्हाइकांनी पैसे गोळा केले आणि ऑगस्टमध्ये ती परत उघडली. मला हे तिथे बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं, स्वतःच्या घरातली गोष्ट सांगावी तसं, सूप पिता पिता. मशरूम आणि बार्लीचं सूप, सोबत खल्ला ब्रेडचे जाड काप, त्यांना लोणी लावतात ते लावतात म्हणायला नको, थापतात. समोर तव्याशी उभा असलेला माणूस पाठमोराच सगळ्यांच्या ऑर्डरी ऐकत होता, काही लिहीत नव्हता आणि एकही चुकली नाही. आमची ती शाकाहारी मैत्रीण त्या स्टुलावर बसून मेन्यूचा फळा वाचत होती, आणि मी तिला इतक्या वर्षांत मेन्यू असा वाचताना पाहिलं नव्हतं, निवांत, वरपासून खालपर्यंत. मला म्हणाली, "इथे मला विचारावंच लागत नाही गं." या देशात वीस वर्षं ती प्रत्येक ठिकाणी विचारतेय, यात काय आहे, तेल कसलं, तवा तोच का, आणि विचारताना दरवेळी समोरच्याचा चेहरा बघतेय.

तिने खाण्याला दहा दिले, सर्विसला दहा दिले. म्हणून मला तिच्या नवऱ्याचं त्या शनिवारचं वागणं चूक म्हणवत नाही. त्याने तिला बाथरूमच्या दाराशी बघितलं होतं. ज्याच्या घरात हे नाही त्याला ते समजवून सांगता येत नाही, तो म्हणेल दोन तुकडे होते, काढून टाकायचे. ते तुकडे काढून टाकता येतात, घास काढता येत नाही.

मी डायनरवाली का, हेही सांगायला पाहिजे. पहिलं कारण म्हणजे डायनरमध्ये बसू देतात. डेलीत खाऊन उठावं लागतं, मागचा माणूस तुमच्या शेवटच्या घासाकडे बघत असतो, डायनरमध्ये कॉफी भरत राहतात, एका हातात साधी, दुसऱ्या हातात केशरी कडीची बिनकॅफिनची, आणि तुम्ही दोन तास बसलात तरी कोणी काही म्हणत नाही. मेन्यू लॅमिनेट केलेला, दहा-बारा पानांचा, त्यात ग्रीक सॅलडपासून पॅनकेक आणि मीटलोफपर्यंत सगळं, गल्ल्याशेजारी काचेच्या कपाटात गोल फिरणारे उंच केक. याची सुरुवात म्हणे ऱ्होड आयलंडमध्ये १८७२ ला एका माणसाने घोडागाडीतून केली, रात्रपाळीच्या छापखानेवाल्यांना खायला विकायचं म्हणून. पुढे रेल्वेच्या डब्यासारखे आख्खे डायनर कारखान्यात बनवून गावोगाव पाठवायला लागले आणि त्यातले कितीतरी कारखाने आमच्या जर्सीतच होते. क्लिफ्टनचं टिकटॉक डायनर बघा, रूट तीनवर, स्टील चकचकतंय आणि वर निऑनमध्ये लिहिलंय 'ईट हेवी', तिथून रात्री गेलं की अजूनही गाडीचा वेग आपोआप कमी होतो. मंडळाच्या नाटकाच्या तालमी संपल्या की रात्री अकराला डायनर, गणपतीची सजावट झाली की डायनर, कोणाला नेवार्कच्या विमानतळावर सोडून आलं की डायनर, मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलमधून नवरा पहाटे चारला एकटा जाऊन डायनरमध्येच बसला होता आणि तिथल्या बाईने त्याला पायचा तुकडा फुकट दिला होता. कोविडनंतर बऱ्याच जणांनी रात्रीचं बंद केलं, आता दहाला खुर्च्या टेबलावर चढतात. तो पहाटे चारचा दिवा गेला याचं मला फार वाईट वाटतं, लोक म्हणतात एवढं काय त्यात, पण वाटतं.

आणि तो निळा-पांढरा कागदी कप, ज्याच्यावर ग्रीक नक्षी आणि सोनेरी अक्षरांत 'वुई आर हॅपी टू सर्व्ह यू' लिहिलेलं असतं. मी २००७ मध्ये शिकायला आले तेव्हा सकाळी तो कप हातात आला की आपण न्यूयॉर्कमध्ये आहोत असं वाटायचं. हा कप १९६३ मध्ये लेस्ली बक नावाच्या माणसाने काढला. शहरातली बरीचशी कॉफी शॉपं आणि डायनरं ग्रीकांची होती, त्यांना आपलं वाटावं म्हणून निळा-पांढरा रंग आणि घागरीचं चित्र. बक स्वतः ज्यू होता, चेकोस्लोव्हाकियातून आलेला, ऑशविट्झ आणि बुखेनवाल्डमधून वाचलेला. म्हणजे आम्ही वर्षभर डेली का डायनर म्हणून भांडत होतो आणि डायनरच्या हातातला कप डेलीच्या घरातल्या माणसाने बनवलेला. त्या छळछावण्यांतून आलेल्या माणसाने सगळ्या शहराच्या हातात ठेवायला जे वाक्य पसंत केलं ते हे, तुमची सेवा करण्यात आम्हाला आनंद आहे. हे कळल्यापासून मला तो कप चुरगळून टाकवत नाही, धुऊन खिडकीत ठेवते, तीन झालेत.

शिकत होते तेव्हा माझी रोजची डेली म्हणजे मात्र कोपऱ्यावरचं दुकान होतं. न्यूयॉर्कमध्ये त्यालाही डेलीच म्हणतात, दूध-साबण-लॉटरीचं तिकीट आणि मागे एक तवा. दुकानवाला येमेनचा. मी रस्ता ओलांडायला लागले की काचेतून बघून तो अंडं फोडायचा, मी आत पोचेपर्यंत रोलमध्ये अंडं-चीज घातलेलं आणि फॉइलमध्ये गुंडाळलेलं, आणि मीठ-मिरी-केचप हे तीन शब्द तो एका श्वासात एकच शब्द असल्यासारखा विचारायचा. दोन वर्षांत आम्ही एकमेकांचं नाव विचारलं नाही. परीक्षेच्या दिवसांत एकदा माझ्याकडे सुटे नव्हते तर हात झटकून "टुमॉरो" म्हणाला. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत येमेनी दुकानदारांनी ट्रम्पच्या त्या प्रवासबंदीविरुद्ध दुपारी बारा ते रात्री आठ दुकानं बंद ठेवली, हजारावर दुकानं, आणि मी मुद्दाम जर्सीहून गाडी पकडून माझ्या जुन्या कोपऱ्यावर गेले. शटर खाली होतं. ते शटर मी आधी कधी बघितलंच नव्हतं, कारण ते कधी खाली नसायचंच. त्या दुकानाचं वहीत पान नाही, ते कोणाला डेली वाटलंच नसतं.

आपल्याकडे हॉटेलात सर्विसला मार्क द्यायची पद्धत नव्हती. बाबा बडीशेपच्या बशीत चिल्लर टाकायचे आणि उठायचे, पोऱ्याने चहा सांडला असला तरी टाकायचे, नसला तरी तेवढीच. इथे तसं नाही. इथे टिप म्हणजे वरची चिल्लर नाही, पगारच आहे. देशाच्या कायद्याने टिपवर जगणाऱ्या माणसाला मालकाने द्यायची कमीत कमी रक्कम तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढीच. जर्सीत त्याहून जास्त देतात, पण इतर कामगारांच्या मानाने तेही बरंच कमी, आणि उरलेलं टेबलावरून गोळा व्हायचं असतं. म्हणजे मी वहीत सर्विसला चार लिहिते तेव्हा तो नुसता मार्क असतो, पण टेबलावर सहा डॉलर राहतात तेव्हा त्या दुखऱ्या मनगटाच्या तासाभराच्या पगारातून अठरा डॉलर कापलेले असतात. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पर्समध्ये वीसची नोट होती. सगळे उठून कोट घालत होते, ती नोट प्लेटखाली सरकवायला तीन सेकंद लागले असते, पण मग मैत्रिणीच्या नवऱ्याला वाटलं असतं की मी त्याला चूक ठरवतेय, आणि मैत्रिणीला वाटलं असतं की तिचं रडणं मला मोठं वाटलं नाही. आई दाराशी थांबली होती. ती बाई टेबल पुसायला आली, पैसे उचलले, मोजले नाहीत, नुसते अंगठ्याने चाचपून एप्रनच्या खिशात घातले आणि आईला म्हणाली, "टेक केअर, मामा." आईने तिचा हात धरून थोपटला. गाडीत आईने विचारलं, "तिच्यावर का रागावले सगळे? तिने तर लिहिलं होतं." तिलाही दिसलं होतं. इंग्रजी तिला वाचता येतं, बोलायला लाजते.

नोव्हेंबरमध्ये आई परत गेली. वर्षाखेरीस वहीची बेरीज झाली, डेलीवाले थोडक्यात जिंकले, पिझ्झा मागवला, हसलो. कोणाला त्या पानाची आठवण नव्हती, मैत्रीणसुद्धा आता त्याबद्दल बोलत नाही. मी ते पान उघडून बघितलं, चारचा आकडा माझ्याच अक्षरात.

मागच्या आठवड्यात मंगळवारी ऑफिसला दांडी मारून एकटी गेले. अकराचा सुमार, डायनर जवळजवळ रिकामं, बाहेर राखाडी बर्फाचे ढीग. काउंटरच्या स्टुलावर बसले. तीच होती, मनगटाचा पट्टा आता दुसऱ्या रंगाचा. मला ओळखेल असं वाटलं नव्हतं. तिने कॉफी ओतली, मी अंडी आणि राय टोस्ट सांगितला, आणि ती पॅड खिशात घालून वळणार तेवढ्यात मी म्हटलं की ऑक्टोबरमध्ये आम्ही आलो होतो, ऑम्लेटचं झालं तेव्हा, तुम्ही बरोबर लिहिलं होतं, मी पॅड बघितलं होतं आणि तेव्हा बोलायला पाहिजे होतं. घसा एवढा कोरडा पडला होता की शेवटचे शब्द नीट आलेच नाहीत. तिने थोडा वेळ आठवलं. मग मागे खिडकीकडे, जिथून प्लेटी बाहेर येतात तिकडे, मान वळवून म्हणाली की तो पोरगा तेव्हा नवीन होता, पहिलाच आठवडा, इंग्रजी वाचायला अडखळायचा, मालकाने ऐकलं असतं तर गेला असता. "ही इज गुड नाऊ," म्हणाली. खिडकीतून वीसेक वर्षांचा एक मुलगा दिसत होता, डोक्याला काळं फडकं बांधलेलं, तव्यावर खाली मान घालून.

ती टोस्टवर लोणी लावायला गेली. परत आली ती प्लेट घेऊन, आणि दुसऱ्या हातात जाड पांढरा कप होता, तो तिने माझ्या शेजारच्या रिकाम्या स्टुलापुढे ठेवला. मामा कुठेय म्हणून विचारलं. मी सांगितलं, घरी गेली, इंडियाला. "ओह," ती म्हणाली आणि कप उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. ती राहू देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली. मी एरवी गरम पाणी पीत नाही. अंडी संपवली, कॉफी तशीच ठेवली आणि तो कप माझ्याकडे ओढून घेतला, दोन्ही हातांत धरून जरा निवू दिला, आई देते तसा, आणि प्यायले.